पाणी किती फुटाला येतं? शिरोळ तालुक्यातल्या घरासाठी पूररेषा आणि पूर समजून घेण्याची पद्धत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात जागा बघायला गेलेला माणूस हमखास विचारतो, "इथं पाणी येतं का हो?" विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "एकोणीसला आलं होतं. एरवी नाही." त्यात खोटं काही नसतं, पण प्रश्नच अर्धवट असतो. पाणी येतं की नाही हे विचारून काही हाती लागत नाही. नदीची पातळी मोजणाऱ्या कोणत्या पट्टीवर किती फूट झालं की ते या उंबऱ्याला लागतं, आणि त्याआधी किती तास या घराचा रस्ता बंद होतो, हे विचारायला हवं. हे दोन आकडे ज्याच्याजवळ आहेत त्याला जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर नदीवर बॅटरी मारत बसावं लागत नाही. ते कसे काढायचे ते इथं सांगतो. उदाहरणं शिरोळची आहेत, पण करवीर, हातकणंगले, मिरज, पलूस, वाळवा इथल्या नदीकाठच्या गावांनाही हीच पद्धत लागू पडते.

आधी पाणी कुठून येतं ते बघा

शिरोळला चार नद्यांचं पाणी येतं: पंचगंगा, कृष्णा, वारणा आणि दूधगंगा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा होते, ती कोल्हापूरवरून येऊन नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा सांगलीकडून येते, तीही कोयनेचं पाणी घेऊन. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत उतरते. दक्षिणेला दूधगंगा. वर राधानगरी, तुळशी, कोयना, चांदोली, काळम्मावाडी अशी धरणं, आणि खाली कर्नाटकात हिप्परगी आणि आलमट्टी.

पंचगंगेला पूर आहे आणि कृष्णा खाली आहे, तर पाणी येतं आणि जातं. पण कृष्णाही चढलेली असेल तर संगमावर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. नदीला फूग येते आणि पाणी मागं, शिवारात पसरत जातं. त्या वेळी कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूरकडं ते चढतच असतं. "कोल्हापूर उतरलं, आता आपलंही उतरणार" असा हिशेब करून सामान परत खाली आणणारे लोक दर पुरात भेटतात.

दोन मोठ्या पुरांचे आकडे बघा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ ला ५६ फुटांच्या वर. म्हणजे कोल्हापूरसाठी २०२१ चा पूर मोठा. सांगलीच्या आयर्विन पुलावर मात्र २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं आणि २०२१ ला त्याहून दोनेक फूट खालीच राहिलं. सांगलीसाठी एकोणीसचाच मोठा. शिरोळ या दोन्ही शहरांच्या खालच्या अंगाला. म्हणून इथल्या माणसाला एका पट्टीवर भागत नाही, दोन्ही आकडे बघावे लागतात.

आलमट्टीच्या फुगीमुळं पूर वाढतो का, यावर गावोगावच्या पारावर चर्चा होते, व्हायलाही हवी. धरणाची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्राचा विरोध आहे. पण आज रात्री जनावरं हलवायची की नाही, हे त्या वादावरून ठरत नाही. घाटमाथ्यावर, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं, धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडणारा पाऊस कोणत्याच दरवाजाआड थांबत नाही. तो थेट नदीत येतो.

निळी रेषा, लाल रेषा

आता कागदाकडं. नदीकाठच्या जमिनीवर जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची हद्द. लाल रेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र, तिथं नवीन बांधकाम नाही. शेती, बाग, मैदान असे मोकळे वापर चालतात. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथं बांधता येतं, पण राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. नियमांत अधूनमधून सुधारणा होतात, त्यामुळं परवानगीच्या वेळचा नियम नगररचना कार्यालयातून लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी खात्रीवर पाया खणू नका.

"२५ वर्षांतून एकदा" या शब्दांनी फार लोक फसतात. २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी १०० पैकी ४ शक्यता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. २० वर्षांचं गृहकर्ज काढून निळ्या रेषेवर घर असेल तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी यायची शक्यता सुमारे ५६ टक्के. ३० वर्षं धरली तर ७१ टक्के. लाल रेषेवरच्या घराला दर वर्षी १ टक्का, पण ३० वर्षांत २६ टक्के, म्हणजे चारात एक. शिवाय हे गणित मागच्या नोंदींवर उभं आहे. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत बघितलेल्या भागात या टक्क्यांना मी कमीत कमी समजतो.

आणखी एक. लाल रेषेच्या बाहेर म्हणजे कोरडं, असंही नाही. रेषा आखलेल्या नदीची असते. तुमच्या शेताच्या कडेनं जाणाऱ्या ओढ्याची बहुतेक वेळा नसते. आमच्याकडं बऱ्याच वस्त्यांत पाणी नदीच्या बाजूनं येतच नाही. ते ओढ्यातून उलटं चढत मागच्या दारानं येतं. उसात शिरलेलं पाणी लांबून दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा ते गोठ्यात असतं.

रेषा बघायची कुठं

सातबाऱ्यावर पूररेषा लिहिलेली नसते. इतर हक्कात काही नाही म्हणून जमीन पुराबाहेर आहे असं धरू नका. तीन ठिकाणी जावं लागतं.

पहिलं, नगररचना विभाग. गट क्रमांक देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. त्यावर पूररेषा दाखवल्या आहेत का ते विचारा.

दुसरं, तुमच्या भागाचं पाटबंधारे कार्यालय. मूळ नकाशे त्यांच्याकडं असतात. नुसता नकाशा बघून येऊ नका, पातळी मागा. कागदावर तुमचा गट बोटभर असतो आणि रेषेची जाडीच जमिनीवर काही मीटर भरते. तोंडी काम होत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्जात मोघम "पूररेषेची माहिती मिळावी" लिहिलं की उत्तरही मोघम येतं. असं लिहा:

"मौजे अमुक, ता. शिरोळ येथील गट क्र. अमुक या जमिनीलगत अमुक नदीच्या निळ्या व लाल पूररेषा दर्शवणाऱ्या नकाशाची साक्षांकित प्रत, तसेच या जमिनीस सर्वांत जवळच्या छेदावरील दोन्ही रेषांची समुद्रसपाटीपासूनची पातळी मीटरमध्ये मिळावी."

मुदतीत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील.

तिसरं, जागेवर मोजणी. मीटरमधली पातळी हातात आली की सर्व्हेअरकडून जागेची आणि जोत्याची पातळी घ्या. मोबाईलमधली उंची या कामाला चालत नाही, ती काही मीटरनं चुकते आणि इथं तर एका फुटाचा प्रश्न आहे.

उंबऱ्याचा आकडा

घर आधीच असेल तर वरचं सगळं नंतर करा, हे आधी करा. खर्च जवळपास नाही.

गावात पुराच्या खुणा शोधा. देवळाची भिंत, शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायत, जुना वाडा. आपल्या घरापासून शे-दोनशे मीटरच्या आतली खूण घ्या. पुराचं पाणी ताटातल्यासारखं सपाट नसतं, वरच्या अंगाला उंच असतं, त्यामुळं गावाच्या दुसऱ्या टोकाची खूण फसवते. खूण रस्त्याकडच्या भिंतीवरची घेण्यापेक्षा बंद खोलीतली घ्या. बाहेर लाटांनी आणि बोटींच्या फेऱ्यांनी डाग वर-खाली होतो, आत पाणी स्थिर असतं. भिंतीवर दोन पट्टे दिसतात. खालचा गाळाचा, बारीक रेघेसारखा. वरचा ओलीचा, ज्याचा रंग पोपडे धरून उडालेला असतो. गाळाची रेघ धरायची. ओल भिंतीत त्याच्या वर चढते, ती पाण्याची पातळी नव्हे.

मग गवंड्याकडून पारदर्शक लेव्हल पाईप आणा. पाईपमध्ये पाणी भरून एक टोक खुणेशी आणि दुसरं आपल्या घराच्या भिंतीशी धरायचं. मधला बुडबुडा काढून टाकायचा, नाहीतर माप चुकतं. पाणी थांबलं की भिंतीवर तीच पातळी येते. अंतर जास्त असेल तर मधे एखाद्या खांबावर खूण करून दोन टप्प्यांत जा. अशी २०१९ ची आणि २०२१ ची पातळी आपल्या भिंतीवर ऑइलपेंटनं काढा, वर्ष लिहा, आणि तिथून उंबऱ्यापर्यंत किती फूट-इंच ते मोजा.

आता हे पट्टीला जोडायचं. समजा २०२१ ची रेघ तुमच्या उंबऱ्याच्या वर ३ फूट आहे आणि त्या वेळी राजाराम बंधारा ५६ फुटांवर होता. झटकन वजाबाकी करून "आपला आकडा ५३" असं म्हणावंसं वाटतं. तसं करू नका. पाणी पात्राबाहेर पडून शिवारात पसरलं की बंधाऱ्यावरचा एक फूट आणि तुमच्या दारातला एक फूट सारखा राहत नाही, आणि कृष्णेची फूग वेगळीच. त्यापेक्षा मोबाईल उघडा. २०१९, २०२१, २०२४ चे फोटो असतील, नसतील तर भावकीच्या ग्रुपवर नक्की असतात. पाणी पहिल्या पायरीला लागलं तो फोटो शोधा, तारीख आणि वेळ बघा, आणि त्या दिवशीचं प्रशासनाचं पाणीपातळीचं पत्रक किंवा वर्तमानपत्रातला आकडा शोधून शेजारी लिहा. राजारामचा एक, आयर्विनचा एक. दोन-तीन पुरांचे असे जोड जमले की तुमच्या घराचा आकडा तयार झाला. मला विचाराल तर नुसती कमाल पातळी शोधत बसण्यापेक्षा पाणी पहिल्यांदा कधी लागलं, हे शोधण्यात निम्मं शहाणपण आहे. निर्णय त्याआधी घ्यायचे असतात.

वाडीतली जुनी माणसं हेच वेगळ्या मापानं करत आली. नृसिंहवाडीला दत्त मंदिरात पाणी उत्तरेच्या दारानं येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला धावतात. त्याच वेळी काठच्या मळीतला शेतकरी मात्र मोटारी वर काढल्या का ते बघायला निघालेला असतो.

रोजचं पत्रक वाचायचं कसं

पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचं पत्रक दिवसातून अनेकदा फिरत असतं. त्यात चार गोष्टी बघा.

पाणीपातळी. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आयर्विनची अनुक्रमे ४० आणि ४५. नृसिंहवाडीच्या पट्टीवर पूर साठीच्या पुढच्या फुटांत बोलला जातो. प्रत्येक पट्टीचा शून्य वेगळा असतो, तेव्हा एका ठिकाणचे फूट दुसऱ्या ठिकाणाशी लावू नका. धोका पातळी म्हणजे तुमच्या घराला धोका, असंही नाही. कुणाचं घर ४१ ला बुडतं, कुणाचं ५५ लाही नाही.

चढ. आत्ताचा आकडा आणि सहा तासांपूर्वीचा आकडा, फरक किती इंच. तासाला एक इंच चढणारी नदी आणि चार इंच चढणारी नदी यांत तुमची अख्खी रात्र आहे.

विसर्ग. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट), सातही उघडले तर साधारण दहा हजार. ऐकायला भीतिदायक, आणि "दरवाजा उघडला" हा मेसेज सगळ्यांत जोरात फिरतो. पण एक-दोन दरवाजांपेक्षा घाटात आदल्या दिवशी किती मिलिमीटर पडला, हा आकडा जास्त बोलका. कोयना आणि चांदोलीचा विसर्ग वाढला असेल तर कृष्णा चढणार आणि पंचगंगेला तुंब बसणार, हे शिरोळकरानं धरूनच चालावं.

पाण्याखालचे बंधारे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळ्यापूर्वी बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून मोकळे करतात, तरी थोड्या पुरात बुडतात. त्यावरून वाहतूक असते, त्यामुळं या यादीवरून कोणते रस्ते तुटले ते कळतं.

याशिवाय केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया हे ॲप मोबाईलवर ठेवा. कृष्णेवर अर्जुनवाड आणि कुरुंदवाडला त्यांची मोजणी केंद्रं आहेत.

रस्ता घराआधी बुडतो

घर उंचावर आहे म्हणून थांबलेली माणसं अडकतात ती रस्त्यामुळं. पाणी घरात येत नाही, पण गावाला वेढा पडतो. २०१९ ला शिरोळमधली कितीतरी गावं आठवड्याहून जास्त दिवस बेटासारखी होती. वीज गेली की मोटार नाही, मोटार नाही की प्यायला पाणी नाही, आणि चहूकडं पाणीच पाणी.

उन्हाळ्यात एकदा गाडी काढा आणि गावाबाहेर जाणारा प्रत्येक रस्ता पक्क्या उंच रस्त्यापर्यंत बघून या. प्रत्येकावरची सगळ्यांत खोलगट मोरी कोणती, ती किती फुटाला बुडते, हे त्या ठिकाणच्या शेतकऱ्याला विचारा. त्याला इंचात माहीत असतं. नवा उंच भराव दिसला तर त्याखाली मोऱ्या किती आणि केवढ्या ते बघा. भरावानं पाणी अडलं तर जुना आकडा बदलतो. २०२१ नंतर तुमच्या भागात असा भराव पडला असेल तर जुन्या खुणांवर फूटभर वाढवून धरा. तो फूट माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

वाहत्या पाण्यातून ट्रॅक्टर जातो, हा समज सोडा. ऑगस्ट २०२४ मध्ये अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली पुरात गेली आणि माणसं दगावली. बोटीचंही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गर्दीनं भरलेली बोट उलटली. बोट लागायच्या आत निघायचं, असं ठरवूनच बाकीचं नियोजन करा.

भिंतीवरचा तक्ता

आता दोन्ही आकडे एका कागदावर. समजा उंबऱ्याला पाणी राजारामवर ५२ ला लागतं आणि शेवटचा रस्ता ४७ ला बंद होतो. तर तुमचा खरा आकडा ४७. तिथून मागं या:

३९ फूट: नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर, पाईप वर. वैरण भरून ठेवणं, गाडीत डिझेल.

४२ फूट: जनावरं हलवायची. हे काम सगळ्यांत वेळ खातं. गाभण म्हैस रात्री पाण्यातून चालत नाही, आणि "जनावरं आहेत" म्हणूनच बहुतेक कुटुंबं मागं राहतात. पै-पाहुण्यांच्या गावी गोठा आधीच बोलून ठेवा.

४४ फूट: म्हातारी माणसं, लहान मुलं, बाळंतीण, रोजची औषधं. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. धान्य माळ्यावर.

४६ फूट: मेन स्विच बंद, सिलिंडर काढून बांधलेला, घराला कुलूप.

आयर्विनचा आकडाही ४० च्या वर असेल तर प्रत्येक पायरी दोन फूट अलीकडं घ्या. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्हीच भरायचे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ त्याच कागदावर लिहा.

विमा आणि पंचनामा

घराचा विमा पाऊस लागायच्या आधी, मे महिन्यात बघा. भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पूर धरलेला असतो. दुकानाच्या किंवा इतर पॉलिसीत वादळ-पूर यांचं संरक्षण वगळलेलं नाही ना, ते वाचा. गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही. बुडालेली गाडी पाणी उतरल्यावर चालू करून बघू नका, इंजिन जातं आणि त्यावरून दावाही अडतो.

पाणी उतरलं की झाडझूड करण्याआधी फोटो. भिंतीवरची गाळाची रेघ, आतलं सामान, गोठा, आणि उसात पोंग्यापर्यंत (शेंड्याच्या कोवळ्या पानांपर्यंत) गाळ गेला असेल तर पोंगा उघडून जवळून. पोंगा कुजायला दिवस लागतात, त्यामुळं आठवड्यानं पुन्हा फोटो काढा, पहिल्या दिवशी ऊस हिरवाच दिसतो. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा स्वतः हजर राहा, गट क्रमांक आणि क्षेत्र बरोबर लिहिलं का ते तिथंच वाचून घ्या. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच वर करू नका. आणि घर धुवायच्या आधी, गाळाची रेघ ओली असतानाच, तिच्यावर खिळ्यानं ओरखडा मारून वर्ष आणि तारीख कोरा. रंग नंतर द्या.